एमेरिक लापोर्त: फ्रेंच बचावपटू स्पेनचा कसा झाला

११ मे २०२१ च्या मंगळवारी माद्रिदमध्ये मंत्रिमंडळाची साप्ताहिक बैठक झाली. त्या दिवशीच्या निर्णयांत एका फ्रेंच फुटबॉलपटूला स्पेनचं नागरिकत्व देणारा हुकूमनामाही होता. तीन दिवसांत आंतरराष्ट्रीय महासंघाने फ्रान्सऐवजी स्पेनकडून खेळायला हिरवा कंदील दाखवला आणि २४ मे रोजी जाहीर झालेल्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या संघात एमेरिक लापोर्तचं नाव आलं. इतक्या घाईने उरकलेल्या या निर्णयावरचा वाद अजून शमलेला नाही. युरो २०२४ मध्ये स्पेनने उपांत्य फेरीत फ्रान्सला हरवलं, तेव्हा तो पुन्हा उफाळला.

वादाचं मूळ २००९ मध्ये आहे. लापोर्तचा जन्म २७ मे १९९४ चा, नैऋत्य फ्रान्समधल्या आजाँचा. हे गाव रग्बीवेडं. तिथे फुटबॉल खेळणाऱ्या या डाव्या पायाच्या पोरावर उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबच्या शोधपथकाची नजर पडली. पण सोळा वर्षांखालच्या मुलाला परदेशी क्लबात नेता येत नाही. म्हणून आधी एक वर्ष त्याला फ्रान्समध्येच, बायोनच्या क्लबात ठेवलं आणि २०१० मध्ये सोळावं सरल्यावर बिल्बाओच्या लेझामा अकादमीत आणलं.

बायोनचं ते वर्ष वयाच्या नियमापुरतं होतं असं मानणं चुकीचं ठरेल. अ‍ॅथलेटिक फक्त बास्क, म्हणजे स्पेन-फ्रान्स सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या बास्क प्रदेशातले, खेळाडू घेतो हे फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. प्रश्न आहे तो बास्क कुणाला म्हणायचं याचा. क्लबने मानलेल्या प्रदेशात सात प्रांत येतात. बिस्काया, गिपुस्कोआ, आलावा आणि नवारा हे चार स्पेनमध्ये आहेत, तर लाबूर, सूल आणि खालचा नवारा हे तीन फ्रान्सच्या हद्दीत. या सातांपैकी कुठेही जन्मलेला किंवा तिथल्या क्लबात घडलेला खेळाडू चालतो. आजाँ यांपैकी कशातच बसत नाही. बायोन मात्र लाबूरमध्ये आहे. पणजोबांच्या पिढीचं बास्क नातं सांगितलं जातं, पण क्लबच्या निकषात पणजोबांना जागा नाही. तिथे जन्म आणि जडणघडण एवढंच मोजतात. लापोर्त बास्क ठरला तो जडणघडणीच्या वाटेने, आणि त्या वाटेची सुरुवात बायोनला झाली.

बिल्बाओत याला पळवाट म्हणणारेही होते. मला तसं वाटत नाही. रक्तावर न जाता कुणी कुठे खेळ शिकला ते पाहायचं, हा निकष क्लबनेच मोठ्या विचाराने स्वीकारलेला आहे, आणि लापोर्त त्यात पुरता बसतो. त्याच्याआधी एकच फ्रेंच खेळाडू अ‍ॅथलेटिककडून खेळला होता, पुढे १९९८ चा विश्वचषक जिंकणारा डावा बचावपटू. तो लाबूरच्याच किनाऱ्यावर जन्मलेला, त्यामुळे त्याच्या बाबतीत व्याख्या ताणावी लागली नाही. शिवाय तो एका मोसमात निघूनही गेला. लापोर्तने क्लबला साडेसात वर्षं दिली.

२८ नोव्हेंबर २०१२ रोजी, अठरा वर्षांचा असताना, तो युरोपा लीगच्या सामन्यात पहिल्या संघाकडून उतरला. पुढच्या पाच वर्षांत त्याने दोनशेहून अधिक सामने खेळले. चेंडू पायात घेऊन पुढे सरकणारा, डाव्या पायाने लांब आणि अचूक पास देणारा सेंटर-बॅक (बचावाच्या मध्यभागी खेळणारा) तेव्हा युरोपात दुर्मीळ होता. फ्रान्सच्या वयोगटांच्या संघांत त्याची निवड होतच होती. २१ वर्षांखालील संघाचा तर तो कर्णधार होता. सगळे वयोगट धरून फ्रान्सच्या जर्सीत पन्नासच्या आसपास सामने झाले. मुख्य संघातून मात्र एकही नाही.

हा शून्य समजून घेतल्याशिवाय २०२१ चा निर्णय कळत नाही. मार्च २०१६ मध्ये फ्रान्सच्या २१ वर्षांखालील संघाकडूनच खेळताना त्याच्या उजव्या पायाचं हाड मोडलं आणि घोटा निखळला. तीन महिन्यांवर आलेली, मायदेशातलीच युरो स्पर्धा हुकली. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुख्य संघातून पहिलं बोलावणं आलं, पण मैदानात पाय ठेवायला मिळाला नाही. जानेवारी २०१८ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीने ६५ दशलक्ष युरोंचा रिलीज क्लॉज, म्हणजे करारात ठरलेली सुटकेची रक्कम, भरून त्याला नेलं. तो त्या क्लबचा तेव्हाचा विक्रमी सौदा होता. तरी त्या उन्हाळ्यात रशियाला गेलेल्या फ्रेंच संघात तो नव्हता, आणि तो संघ विश्वविजेता होऊन परतला. विजेती जोडी मोडायला कुठलाही प्रशिक्षक धजत नाही. फ्रेंच प्रशिक्षकांची ही बाजू मान्य करायला हवी.

पण २०१८-१९ च्या मोसमाचं काय? सिटीने इंग्लंडमधल्या लीगसह देशातल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि त्या संघाच्या बचावाचा कणा लापोर्त होता. लिव्हरपूलपेक्षा अवघा एक गुण जास्त मिळवून लीग जिंकली. शेवटच्या दिवशी ब्रायटनमध्ये सिटी आधी मागे पडली होती आणि तिला आघाडीवर नेणारा गोल लापोर्तच्या डोक्यातून आला. त्या मोसमात त्याच्याहून चांगला डावा सेंटर-बॅक फ्रान्सकडे होता असं मी तरी म्हणणार नाही. राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं ते ऑगस्टच्या अखेरीस, अल्बानिया आणि अंदोरा यांच्याविरुद्धच्या सामन्यांसाठी. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी क्लबच्या सामन्यात गुडघा गेला आणि तेही राहिलं. अंदोराविरुद्ध शेवटची दहा मिनिटं जरी तो उतरला असता, तरी ती पात्रता फेरीची, म्हणजे अधिकृत स्पर्धेची, लढत असल्याने तो फ्रान्सशी बांधला गेला असता आणि पुढे स्पेनची वाट कितीतरी अवघड झाली असती.

स्पेनकडून विचारणा जुनीच होती. अडचण कागदाची होती. स्पेनमध्ये सर्वसाधारण परदेशी माणसाला नागरिकत्वासाठी सलग दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला दोन वर्षं पुरतात. शेजारच्या फ्रेंच माणसाला मात्र अशी सवलत नाही, युरोपियन युनियनचा असला तरी. लापोर्तची बिल्बाओतली वर्षं आठही भरत नव्हती, आणि २०१८ पासून तो इंग्लंडमध्ये राहत होता. नेहमीची वाट बंद होती.

उरला तो ‘कार्ता दे नातुरालेसा’चा मार्ग. अपवादात्मक परिस्थितीत सरकार स्वतःच्या अखत्यारीत हुकूमनामा काढून नागरिकत्व देतं. त्यात वास्तव्याची अट नाही. त्यामुळे लापोर्तने नियम मोडला हा आरोप टिकत नाही, पण ही सरकारची मेहेरबानी होती हे नाकारता येत नाही. दहा वर्षं रांगेत उभ्या असलेल्या, शेतात आणि घरकामात राबणाऱ्या परदेशी माणसाला हा दरवाजा उघडत नाही, आणि स्पर्धेला महिना उरलेला असताना तो एका सेंटर-बॅकसाठी उघडतो, ही टोचणी रास्त आहे. ती सरकारला लागू होते. खेळाडूच्या पदरात घालण्यात अर्थ नाही.

दुहेरी नागरिकत्वाचा धागाही इथेच जुळतो. भारतात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण आपल्याकडे परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. म्हणूनच परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना आपल्या संघात घेता येत नाही. फ्रान्स आणि स्पेन यांनी मात्र मार्च २०२१ मध्ये मोंतोबाँ इथे दुहेरी नागरिकत्वाच्या करारावर सह्या केल्या. तो अमलात आला २०२२ मध्ये, त्यामुळे लापोर्तच्या प्रकरणाला त्याचा थेट उपयोग झाला नाही. पण दोन्ही देशांत या विषयावर वारं कुठल्या दिशेने वाहत होतं ते त्यावरून दिसतं.

स्पेनमध्ये राग आणखी एका कारणाने होता. त्या युरोच्या २४ जणांच्या संघात रेआल माद्रिदचा एकही खेळाडू नव्हता. त्या क्लबचा आणि देशाचा अनुभवी कर्णधारही दुखापतींच्या मोसमानंतर बाहेर राहिला. त्यातच लापोर्त तेव्हा सिटीतही पहिल्या पसंतीचा राहिला नव्हता. एप्रिलमध्ये वेम्बलीत टॉटनहॅमविरुद्ध लीग कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा, पण महिन्याभराने पोर्तोतल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो पूर्ण वेळ बाकावर होता. ४ जूनला पोर्तुगालविरुद्ध पदार्पण झालं आणि युरोतले सहाही सामने तो खेळला. स्लोव्हाकियाविरुद्ध गोलही केला. टीका तिथेच बरीचशी ओसरली.

नंतरचे धागे थोडक्यात. १० ऑक्टोबर २०२१ रोजी मिलानमध्ये नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या दुसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना फ्रान्सशीच झाला आणि फ्रान्सने तो २-१ असा जिंकला. जून २०२३ मध्ये स्पेनने ही स्पर्धा पेनल्टी शूटआऊटवर जिंकली, त्यात लापोर्तची पेनल्टी आडव्या दांड्याला लागली होती. त्या सामन्यात त्याच्या शेजारी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रदेशात जन्मलेला, सान सेबास्तियानमध्ये नावारूपाला आलेला दुसरा फ्रेंच सेंटर-बॅक होता. त्यालाही त्याच वर्षी हुकूमनाम्यानेच नागरिकत्व मिळालेलं. १४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये इंग्लंडला हरवून स्पेन युरोपचा विजेता झाला, तेव्हाही बचावाच्या मध्यभागी हीच जोडी होती. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. फ्रेंच वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या मनाला काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

क्लबच्या पातळीवर पाच लीग विजेतेपदं घेऊन त्याने ऑगस्ट २०२३ मध्ये सिटी सोडली आणि सौदी अरेबियातल्या अल नस्रचा रस्ता धरला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो बिल्बाओला परतला. त्या वेळीही कागद आडवे आले. ट्रान्स्फरची कागदपत्रं मुदतीत पोहोचली नाहीत म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने आधी नोंदणी नाकारली, आणि क्लबने दाद मागितल्यावर काही दिवसांनी परवानगी दिली.