सेंद्रिय शेती व रासायनिक शेती

संश्लेषित खते व कीडनाशके वर्ज्य करून पिकाचे पोषण कुजलेली खते, हिरवळीची खते व द्विदल पिकांचा फेरपालट यांवर सोपवणारी ती सेंद्रिय शेती. संश्लेषित खते व कीडनाशके वापरणारी ती रासायनिक शेती. दुसरीला काही भाषांतरांत ‘पारंपरिक शेती’ म्हटले जाते. मराठीत त्यामुळे घोटाळाच होतो, कारण आपल्याकडे पारंपरिक शेती म्हणजे शेणखताची शेती.

सेंद्रिय शेतीचा उगम कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त (काळ साधारणपणे इ. स. दहावे शतक वा त्यानंतरचा मानतात) कुणपजलाची कृती येते, मांस, चरबी इ. शिजवून आंबवलेले हे द्रवखत होय. मात्र कृत्रिम खते अस्तित्वात नव्हती त्या काळी ती नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रूडॉल्फ श्टाइनर यांच्या 1924 मधील व्याख्यानांतून जैवगतिकीय (बायोडायनॅमिक) शेती, सेंद्रिय शेतीचाच एक पंथ, निघाली. भारतापुरता अधिक भक्कम धागा ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हॉवर्ड यांचा : 1924–31 या काळात इंदूर येथे त्यांनी काडीकचरा, शेण व मूत्रमाती (गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती) यांचे थर रचून, साधारण 15, 30 व 60 दिवसांनी चाळवून सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट करण्याची रीत बसवली.

सेंद्रिय व रासायनिक शेतीतील खरा फरक नत्राच्या (नायट्रोजनच्या) हिशेबात दिसतो. युरियात 46% नत्र असते, 45 किग्रॅ.च्या गोणीतून 20.7 किग्रॅ. मिळते. शेणखतात ते सुमारे 0.5%, म्हणजे तेवढ्या नत्रासाठी चार टनांहून अधिक खत वाहावे लागते, आणि त्यातले साधारण एक तृतीयांशच पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागते. थंडीत खतातले नत्र मोकळे करणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते, त्यामुळे गहू फुटव्यावर असतानाच नत्र तोकडे पडते. काड तसेच गाडले तर जिवाणू मातीतलेच नत्र खेचतात व पाने पिवळी पडतात. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या व तणांचे बी शेतात येते. उलट युरिया ओल्या जमिनीवर नुसता फोकून ठेवला की अमोनिया उडून जातो, मोठ्या पावसात नायट्रेट झिरपते. सेंद्रिय खतांची जोड तुटल्यास जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतील कार्बन) घटतो व जस्त, गंधक यांची कमतरता डोके वर काढते.

2012 व 2014 च्या संकलित अभ्यासांत सेंद्रिय उत्पादन सरासरी 19 ते 25 टक्क्यांनी कमी आढळले. द्विदल पिकांत तफावत कमी. रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे संक्रमण घाईने केल्यास काय होते ते श्रीलंकेत दिसले : 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर घातलेली बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरात उठवावी लागली. रासायनिक बाजूचा धोका 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड झाला. कापसावरील फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले.

माल सेंद्रिय असल्याच्या प्रमाणीकरणासाठी भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांना पेरणीपूर्वी किमान दोन, बहुवर्षायू पिकांना पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. या काळात उत्पादन घटलेले असते, पण मालाला सेंद्रियचा भाव मिळत नाही. शेजारच्या शेतातील फवारा वाऱ्याने येतो म्हणून बांधालगत संरक्षक पट्टा सोडतात. त्यावरचा माल वेगळा काढून साधा म्हणूनच विकावा लागतो.