राजा प्रमाण मराठीत, संकासुर मालवणीत

जत्रेच्या रात्री देवळासमोर एक बाकडं मांडलेलं असतं. तेच सिंहासन, तोच रथ. शेजारी पायपेटी, मृदंग, झांज. तळकोकणातल्या दशावतार या लोकनाट्याला लेखी संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट आयत्या वेळी रचतात. तरी एक नियम न लिहिता पाळला जातो. राजा, ऋषी, विष्णू भारदस्त प्रमाण मराठीत बोलतात. वेद चोरणारा, काळ्या वेशातला संकासुर मालवणीत बोलतो आणि माणसं हसून लोळतात. मालवणी माणसाच्या आजच्या प्रतिमेचं मूळ मला या भाषावाटणीत दिसतं.

हीच वाटणी घेऊन चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत गेला. खोलीवर गाववाल्यांत 'खंय चललस?', बाहेर 'कुठे निघालात?'. आमच्या घरीही दारात परका पाहुणा दिसला की मोठ्यांची भाषा बदलायची. ते मला लहानपणी खुपायचं, आजही खुपतं.

1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगमंचावर आलं. एक गाव महाभारतातला प्रसंग बसवायला घेतं आणि पौराणिक पात्रांच्या तोंडीही मालवणी येते! मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच घराघरात पोचला, प्रयोग पाच हजारांच्या पुढे गेले. जी भाषा चारचौघांत दाबली जायची, ती ऐकायला लोक तिकीट काढू लागले. हे ऋण फार मोठं आहे. पण पुढे मालवणी म्हणजे विनोद, मालवणी माणूस म्हणजे इरसाल आणि भांडकुदळ, असा साचाही घट्ट झाला.

2016 मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. मालवणी हेल रोज टीव्हीवर ऐकू येऊ लागला, मात्र भुताखेतांच्या सोबतीने. कोकणाची बदनामी होते म्हणून आक्षेपही घेतले गेले. मला सलतं ते वेगळंच. वाडीतला देवचार हा आमचा राखणदार. शहरातल्या प्रेक्षकाला तोही भुतांतलाच एक वाटतो.

त्या राखणदारापुढे नारळ ठेवून गावकार, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो. आजारी पोर, मुंबईतली नोकरी, भाताचं पीक, सगळं त्यात येतं. बाकीचे हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणतात. हे सगळं मालवणीत चालतं आणि तिथे कोणीही हसत नाही.