किशोरवयीनांचे नैराश्य: विद्युत-आघात उपचार आणि मेंदूचे चित्रण

औषधे आणि समुपदेशन यांना न जुमानणारे तीव्र नैराश्य, त्यात आत्महत्येचा धोका किंवा खाणेपिणे-बोलणे बंद पडून आलेली ताठर अवस्था, अशा वेळी अठरा वर्षांखालील मुलामुलींनाही क्वचित विद्युत-आघात उपचार (ईसीटी) दिला जातो. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘शॉक’. या उपचाराआधी आणि नंतर एमआरआय काढून मेंदूत काय बदलले हे ताडून पाहणारी संशोधनाची शाखा अजून तरुण आहे.

उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी १९३८ साली रोममध्ये हा उपचार प्रथम माणसावर केला. तेव्हा भूल देत नसत आणि झटक्यांनी हाडेही मोडत. घराघरांतली भीती त्या काळातून आलेली आहे आणि ती निराधार नव्हती. आता भूल आणि स्नायू सैल करणारे औषध शिरेतून देतात, दातांत रबरी गार्ड ठेवतात. त्याआधी एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आवळलेला असतो, म्हणजे स्नायूंचे औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. वीज काही सेकंदच दिली जाते. तिने सुरू झालेली आकडी अर्धा-एक मिनिट चालते आणि डोळ्यांना दिसते ती त्या एका पावलाच्या थरथरीत. बाकी मेंदूच्या विद्युतलहरी टिपणाऱ्या ईईजीच्या आलेखात. खरा उपचार ही आकडी आहे, वीज हे तिचे निमित्त. किशोरवयात ती कमी विजेवर सुरू होते आणि लांबूही शकते, म्हणून मात्रा जपून ठरवतात. सहसा सहा ते बारा वेळा उपचार होतो.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता शॉक देणे बेकायदा आहे. अल्पवयीनांना तो देण्यास बंदी आहे. मात्र उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना तो आवश्यक वाटल्यास पालकाची माहितीपूर्ण संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. शॉक द्यावा की नाही या वादाशी आणि या कायद्याशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय याच शहरातले. भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने रुग्णांच्या बाजूने शॉकविरोधी आवाज इथूनच उठवला आणि कायद्याच्या मसुद्याच्या कामात इथल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा सहभाग होता.

चित्रणाची मुख्य साधने दोन. एका स्कॅनमध्ये मेंदूच्या भागांचे आकारमान मोजतात. दुसऱ्यात, म्हणजे फंक्शनल एमआरआयमध्ये, रक्तातील प्राणवायूच्या चढउतारावरून कोणते भाग एका लयीत काम करतात ते पाहतात. करगोटा, कानातले, केसांच्या पिना काढून मूल यंत्रात जाते. सूचना साधी असते: हलू नको, झोपू नको, मुद्दाम काही आठवू नको. आत ठकठक चालू असताना, आधीच खचलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला हे किती जड जात असेल! डोके काही मिलिमीटर हलले तरी मोजणी बिघडते.

प्रौढांमध्ये ठळकपणे दिसलेली गोष्ट अशी की, उपचारानंतर हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, थोडा मोठा होतो. अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात (२०१८, २८१ रुग्ण) ही वाढ स्पष्ट होती, पण तिचा आणि बरे वाटण्याचा मेळ बसला नाही. उंदरांत अशा आकडीनंतर नव्या पेशी तयार होताना दिसल्या आहेत. माणसात तेच घडते याचा थेट पुरावा नाही. म्हणून ‘मेंदू वाढला’ असे म्हणून हुरळून जाऊ नये आणि ‘मेंदू सुजला’ म्हणून घाबरूही नये.

किशोरांवरचे बरेच अभ्यास चीनमधून, विशेषतः चोंगछिंगमधून आले आहेत. हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागील भाग यांच्यातील जोडणीत त्यांनी बदल नोंदवले. पण रुग्णसंख्या लहान, सोबत औषधे चालू, आणि वय तर वाढीचेच. या वयात मेंदूचा करडा थर आपोआप पातळ होत जातो आणि कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे तेवढ्याच अंतराने दोनदा स्कॅन केलेली समवयस्क निरोगी मुले आणि फक्त औषधांवर असलेली नैराश्यग्रस्त मुले तुलनेला नसतील, तर बदल शॉकचा की वयाचा हे ठरवणे कठीण.

एमआरआयची पिशवी काखेत मारून आलेले आईवडील विचारतात, ‘डॉक्टर, पोरीच्या मेंदूला काही झालं तर नाही ना?’ अहवालात ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. तो स्कॅन गाठ, रक्तस्राव यांसारखे धोके आधी वगळण्यासाठी असतो; नैराश्य त्यात दिसत नाही. संशोधनातले बदल गटाच्या सरासरीत उमटतात, एका मुलीच्या फिल्मवर ते दाखवता येत नाहीत. शॉकने गुण येईल का, हे आज स्कॅनवरून सांगता येत नाही. आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर उपचाराआधी आणि नंतर स्मरणशक्तीची चाचणी घ्यावी लागते. उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांतले काही पुसले जाऊ शकते, आणि दहावी-बारावीच्या मुलीला वाचलेला धडा आठवतो की नाही हे तिच्याकडूनच कळते.