पिवळा नारळ आणि बुंध्यातलं मीठ
"नारळ पिवळा पडला? बुंध्यात किलोभर मीठ घाला, रोग जातो." पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा निरोप फिरतच असतो. मिठातलं क्लोराइड नारळाला लागतं, तेव्हा सल्ला अगदीच हवेतला नाही. पण केरळातला रूट विल्ट हा नारळाचा रोग होतो फायटोप्लाझ्मामुळे. हा पेशीभित्तिका नसलेला जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यासारख्या किडींमार्फत पसरतो. मिठाने तो मरत नाही.

आधी झाडाकडे मान वर करून पाहा. फक्त खालच्या, जुन्या झावळ्या पिवळ्या असतील तर बहुधा नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडतंय. रूट विल्टमध्ये झावळीची पाती मलूल होऊन बरगड्यांसारखी आत वळतात. तसं दिसलं तरी खात्री प्रयोगशाळेतल्या पीसीआरसारख्या चाचणीनेच होते.