एक गुन्हा की तीनशे?

स्टॉकहोमच्या एखाद्या पोलीस ठाण्यात एक बाई येते आणि सांगते, जोडीदार गेलं वर्षभर जवळजवळ रोज जबरदस्ती करतोय. गुन्हे किती नोंदवायचे? स्वीडनचा नियम असा, की प्रत्येक प्रसंग वेगळा धरायचा. म्हणजे तक्रार एक, पण वार्षिक आकडेवारीत तीनशेची भर पडू शकते. आपल्याकडे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, एनसीआरबी, बरोबर उलटं करते. एका एफआयआरमध्ये घरफोडी, मारहाण, धमकी असं काहीही एकत्र असो, मोजताना त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढा धरतात.

‘स्वीडन म्हणजे बलात्कारांची राजधानी’ अशा पोस्ट अधूनमधून फिरत असतात. त्यामागच्या आकड्याची चिरफाड स्टॉकहोम विद्यापीठातले गुन्हेशास्त्रज्ञ हान्स फॉन होफर यांनी २००० सालीच केली होती. स्वीडनमध्ये प्रयत्नही पूर्ण गुन्ह्याच्याच रकान्यात जातो. शिवाय तक्रार आली त्या क्षणी नोंद होते, आणि तपासात गुन्हा घडलाच नाही असं निघालं तरी ती पुसली जात नाही. जर्मनीत तपास संपवून कागदपत्रं सरकारी वकिलाकडे पाठवताना गुन्हा मोजतात, म्हणजे तोवर बरीच गाळणी झालेली असते. त्यात २००५ मध्ये स्वीडनने बलात्काराची व्याख्याच रुंद केली. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंधक परिषदेने २०२० मध्ये आपलेच आकडे जर्मन पद्धतीने पुन्हा मोजून पाहिले. २०१६ सालचं लाख लोकसंख्येमागचं प्रमाण सुमारे ६४ वरून सुमारे १५ वर आलं!

युरोपातल्या गुन्हेशास्त्रज्ञांचं सीमेपलीकडचं सहकार्य म्हणजे बरंचसं हे असलं खटाटोपाचं काम. बर्लिनची भिंत पडल्यावर युरोप परिषदेत पूर्वेकडचे देश येऊ लागले आणि तुलनेची गरज वाढली. स्विस गुन्हेशास्त्रज्ञ मार्टिन किलियास यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांचा गट बसला आणि १९९९ मध्ये ‘युरोपियन सोर्सबुक’ निघालं. त्यात ३६ देशांची १९९० ते १९९६ ची आकडेवारी होती. पद्धत अशी: प्रत्येक देशात एक जाणकार नेमायचा आणि त्याला खोदून खोदून विचारायचं. तुमच्या चोरीत किरकोळ चोरी धरता का? प्रयत्न धरता का? कधी मोजता? एका माणसाने दहा घरं फोडली तर एक की दहा? मला विचाराल तर त्या ग्रंथात खरं वाचण्यासारखं तक्त्यांखालच्या बारीक टिपांमध्येच आहे.

वाटतं, खुनाचं तरी सरळ असेल, प्रेत समोर असतं. पण काही देश खुनाच्या आकड्यात प्रयत्नही मिसळतात. स्वीडनमध्ये तर आधी संशयास्पद वाटलेला आणि पुढे आत्महत्या निघालेला मृत्यूही त्या आकड्यात राहून जायचा.

म्हणून फिनलंड, स्वीडन आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी तयार आकडे बाजूला ठेवले आणि २००३ ते २००६ मधली एकेक खुनाची घटना उचलून एकाच साच्यात भरली. फिनलंडचं काम सोपं होतं, कारण तिथे २००२ पासून तपास अधिकारीच प्रत्येक खुनाचा तपशीलवार फॉर्म भरतात. स्वीडनच्या मंडळींना पोलिसांची कागदपत्रं आणि निकालपत्रं चाळावी लागली. डच संशोधकांनी पोलीस दप्तराला वृत्तसंस्थेच्या बातम्यांची आणि एका साप्ताहिकाच्या वार्षिक खून-यादीची जोड दिली.

मग जे दिसलं ते नुसत्या दरातून कधीच दिसलं नसतं. तिघांत फिनलंडचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. नेदरलँड्समध्ये टोळ्यांची भांडणं आणि बंदुकांचा वाटा मोठा होता. फिनलंडमध्ये मात्र मारणारा आणि मेलेला दोघेही बहुतेकदा मध्यमवयीन, बेरोजगार पुरुष होते. कुणाच्या तरी घरी एकत्र पीत बसलेले, आणि भांडण पेटल्यावर हाताशी आलेला चाकू.