सॉफोक्लीझ
(इ. स. पू. सु. ४९६–४०६). प्राचीन ग्रीक शोकात्मिकाकार. जन्म अथेन्सच्या वेशीबाहेरील कोलोनस या गावी. वडील सोफिलस यांचा शस्त्रे घडवण्याचा व्यवसाय होता. घरची सुबत्ता असल्याने संगीत, नृत्य, मल्लविद्या यांचे उत्तम शिक्षण मिळाले. इ. स. पू. ४८० मध्ये ग्रीकांनी सॅलमिसच्या सागरी लढाईत पर्शियन आरमाराचा पराभव केला. त्या विजयोत्सवात लायर हे तंतुवाद्य वाजवीत मुलांच्या गायनवृंदाच्या अग्रभागी हाच मुलगा होता, असे जुने चरित्रकार सांगतात.

डायोनायसस देवाच्या वसंतोत्सवातील नाट्यस्पर्धेत त्याने इ. स. पू. ४६८ मध्ये बुजुर्ग नाटककार एस्किलसला हरवले. पुढे या उत्सवात त्याने किमान अठरा वेळा पहिला क्रमांक मिळवला. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर तो कधीच गेला नाही. त्याने एकूण १२० च्या वर नाटके लिहिली. पूर्ण उरली ती सातच : ‘अ‍ॅजॅक्स’, ‘अँटिगनी’, ‘ट्रेकिसच्या स्त्रिया’, ‘राजा ईडिपस’, ‘इलेक्ट्रा’, ‘फिलॉक्टेटीझ’ आणि ‘कोलोनस येथील ईडिपस’. हे नुकसान भरून येण्यासारखे नाही.

रंगभूमीवर तिसरा नट त्याने आणला, असे ॲरिस्टॉटल नमूद करतो. मुखवटे बदलून दोनच नटांनी सगळ्या भूमिका करण्याची तोवरची रीत होती. तिसऱ्या नटाने काय साधले, हे ‘राजा ईडिपस’मध्ये दिसते. कॉरिंथहून आलेला निरोप्या ईडिपसला सांगतो, की तुला वाढवणाऱ्या तिथल्या राजाचा, पॉलिबसचा, तू मुलगा नव्हेस. ईडिपस खोदून खोदून विचारत राहतो. शेजारी जोकास्टा गप्प उभी असते. आपला नवरा हा आपलाच मुलगा आहे, हे तिला त्याच्याआधी कळून चुकते. बोलणारे दोघे असले, तरी प्रसंगाचा सगळा भार त्या न बोलणाऱ्या बाईवर आहे. पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले.

सॉफोक्लीझ नगरीच्या कारभारातही वावरला. इ. स. पू. ४४३ च्या सुमारास तो मित्रराज्यांच्या खंडणीचा खजिनदार होता. पुढे सेमॉस बेटाविरुद्धच्या युद्धात अथेन्सचा नेता पेरिक्लीझ याच्याबरोबर सेनापती म्हणून त्याची निवड झाली. सिसिलीवरील स्वारीत अथेन्सचे सैन्य बुडाल्यावर नेमलेल्या सल्लागारांतही, ऐंशी ओलांडल्यावर, तो होता. राजसत्तेचा हुकूम आणि मृत भावाचे ऋण यांच्या पेचावरची ‘अँटिगनी’ लिहिणाऱ्याला सत्ता आतून ठाऊक होती, हे ते नाटक वाचताना विसरू नये.

इ. स. पू. ४०६ मध्ये समकालीन शोकात्मिकाकार युरिपिडीझच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा त्याने शोकवस्त्र धारण केले आणि आपल्या वृंदाला डोक्यावरचे पुष्पमुकुट उतरवून लोकांसमोर आणले. त्यानंतर काही महिन्यांतच तोही गेला.

म्हातारपणी मुलाने त्याच्यावर बुद्धिभ्रंशाचा दावा लावला, तेव्हा त्याने न्यायाधीशांना नव्या नाटकातील उतारा वाचून दाखवला आणि तो सुटला, अशी कथा आहे. ती दंतकथाच असावी. नाटक मात्र खरे आहे. ते म्हणजे ‘कोलोनस येथील ईडिपस’. आंधळा, हद्दपार ईडिपस मरणासाठी येतो तो थेट कवीच्या जन्मगावी, आणि वृंद त्या गावचे घोडे, ऑलिव्हची झाडे, राईत गाणारे बुलबुल यांचे स्तोत्र गातो. इ. स. पू. ४०१ मध्ये, अथेन्स स्पार्टाविरुद्धचे युद्ध हरल्यानंतर, कवीच्या नातवाने हे नाटक रंगमंचावर आणले. नातवाचे नावही सॉफोक्लीझच होते.