पिढीचा शाप आणि पिढीवरचा परिणाम

नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर लोक आवारात बोलत उभे होते. मंडळीतल्या एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घराले शाप आहे का जी?" त्यांचे सासरे दारूत गेले. नवरा पितो. मुलगा नववीत आहे आणि त्याच्या चेहऱ्यात त्यांना आतापासूनच आजोबा दिसू लागले आहेत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, चार पिढ्यांचा शाप आहे, घराण्यातल्या सगळ्या पापांची यादी करून आणा, मग तो तोडायची प्रार्थना करू. त्या खरोखरच वही घेऊन बसल्या होत्या.

मी शब्बाथशाळेत बरीच वर्षं शिकवतो आणि ही गल्लत मला वारंवार भेटते. वाडवडिलांच्या पापाचा दोष वेगळा, त्याचा परिणाम वेगळा. दोन्ही एकाच घरात, एकाच माणसावर येऊन पडल्यासारखे दिसतात, म्हणून सारखेच वाटतात.

चार पिढ्यांचं सगळं बोलणं बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायावर उभं आहे. मूर्तिपूजेविषयीच्या आज्ञेत देव म्हणतो की वडिलांच्या अन्यायाचं शासन मी तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करतो. पण कुणाच्या बाबतीत? जे माझा द्वेष करतात त्यांच्या. आणि लगेच पुढे, माझ्यावर प्रीती करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया. लोक चार लक्षात ठेवतात, हजार विसरतात. शिवाय एका घरात नांदून नांदून तीन-चार पिढ्याच नांदतात. आजोबाच्या वागण्याची झळ पणतवापर्यंत पोचते, हे त्या काळच्या कोणत्याही घरात डोळ्यांना दिसत असणार.

या वचनाचा चुकीचा अर्थ बाबेलच्या बंदिवासातल्या यहुद्यांनीही काढला होता. त्यांची म्हणच होती, की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. यहेज्केलाच्या 18 व्या अध्यायात देव ती म्हण बंद करायला सांगतो. पाप करील तो मरेल, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात (24:16) न्यायालयासाठीही हाच नियम आहे. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? योहान 9 मध्ये येशूनं दोन्ही नाकारलं. आणि शाप म्हणून जो काही होता तो ख्रिस्तानं क्रुसावर स्वतःवर घेतला, असं प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो. त्यात आपल्या वहीची भर घालायची गरज उरत नाही.

परिणामाचं मात्र तसं नाही. गणना या पुस्तकाचा 14 वा अध्याय वाचा. बापांनी विश्वास ठेवला नाही आणि मुलं 40 वर्षं रानात फिरली. त्या मुलांवर आरोप कसलाच नव्हता, उलट वचनदत्त देशात तीच गेली. पण पाय त्यांचेच भाजले.

काटोल-नरखेडकडच्या बागाईतदाराला हे मला समजावून सांगावं लागणार नाही. डिंक्या रोगानं संत्र्याचं झाड वाळलं तरी त्याची बुरशी मातीत राहते. त्याच खड्ड्यात जंभेरीच्या खुंटावरची नवी कलम लावली, तर तिनं काही केलेलं नसतानाही रोग तिला धरू शकतो. शेतकरी कलमेला दोषी धरत नाही आणि माती निर्दोष आहे असंही म्हणत नाही. तो निचरा सुधारतो, बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतो, खोडाला बुरशी रोखणारं बोर्डो मलम लावतो. शाप मानणारं घर नेमकं हे काम सोडून देतं, म्हणून मला त्या शिकवणीचा राग येतो.

सगळ्यात अवघड उदाहरण यहूदाचा राजा योशीया याचं आहे, आणि ते टाळणं मला बरं वाटत नाही. आजा मनश्शे, बाप आमोन, दोघंही दुष्ट. हा आठव्या वर्षी गादीवर बसला आणि मनापासून देवाकडे वळला. देवानं त्याला आजाच्या पापाबद्दल दोषी धरलं नाही. तरीही मनश्शेनं जे करून ठेवलं होतं त्यापायी यहूदाचा नाश टळला नाही, असं 2 राजे 23 स्पष्ट सांगतं. माणूस मोकळा होतो, गाव मोकळं व्हायला वेळ लागतो, कधी होतही नाही.

चांगुलपणालाही हाच नियम. तारण वारशानं मिळत नाही. मनश्शेचा बाप हिज्कीया देवभीरू होता, त्याचा मुलाला आपोआप उपयोग झाला नाही. पण परिणाम जातो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. आपल्या नागपुरातच बघा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले, शाळा काढली, आणि 1863 मध्ये टाकळघाटकडची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. त्यांच्या नावाचं महाविद्यालय सुरू झालं 1883 मध्ये. तिथे शिकून गेलेली कितीतरी घरं या शहरात आहेत, ख्रिस्ती आणि ख्रिस्ती नसलेलीही, आणि त्यातलं एकही पोर हिस्लॉपनी पाहिलेलं नव्हतं.

ताईंना मी म्हणालो, वही राहू द्या, पोराला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगा. आजोबांच्या दारूचा तू गुन्हेगार नाहीस. पण दारूची ओढ काही अंशी रक्तातून येते, काही घरातल्या वातावरणातून, असं डॉक्टर सांगतात. म्हणून इतर पोरं गंमत म्हणून पहिला ग्लास उचलतील तेव्हा तू उचलू नकोस.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा भेटल्या. पोरानं सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "मंग बाबाले हे कोणी सांगितलं नव्हतं का?" त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. नवरा शुद्धीत होता. मी मुलाचा प्रश्न त्याला जसाच्या तसा सांगितला आणि तो बोलेपर्यंत बसून राहिलो.